टोकन

मशीन ठेवलंय माडीवर, टाकीखालच्या खोलीत,
तिथली भिंत तेवढी थंड म्हणून.
नंदुरबारात होळीच्या आधीपासूनच
थंड भिंत शोधावी लागते.

बुटाच्या खोक्याएवढं. रईस पिंजारीनं वायर ओढली,
इन्व्हर्टर बसवला, अर्थिंगला मीठ-कोळसा घातला.
जयवंती वसावे मॅडमनी पीएफमधून पैसे काढले.
मी झोप घातली.
बत्तीस नाणी गहाण पडली, तेव्हा कुठे
आम्हाला साक्षीला उभं केलं साखळीनं.

त्याआधी एका रात्री नेटची वायर उपटून,
मोबाइल खाली ठेवून, दाराला कडी लावून
किल्लीचे चोवीस शब्द पेन्सिलीनं लिहिले.
साधेच शब्द. लिहिताना हात मात्र
कोर्टाच्या स्टॅम्पपेपरवर असावा तसा.

मग चार दिवस ते जुना हिशेब ओढत बसलं
आणि पाचव्या दिवशी पहिली सही केली.
आता दर सहा-साडेसहा मिनिटांनी एक :
पाहिलं, बरोबर आहे, पुढे जाऊ द्या.

आप्पा जिना चढून आले. "हाई काय करस?"
साक्ष देतं, म्हटलं.
"कोनी?"
कधी तोंड पाहिलं नाही त्यांची.
आप्पा खुर्ची ओढून बसले, मग शिंकले.
पथारीवरची मिरची वाऱ्यानं इथवर येते,
पंख्याच्या पात्यांवर लाल थर धरते.
मी जुन्या टूथब्रशनं तो काढते
आणि तासभर डोळ्याला हात लावत नाही.

मे महिन्यात शहाद्याला हळदीच्या मांडवात होते.
रात्री पावणेदोनला रईसचा फोन :
"ताई, आपला नोड गप आहे. तासभर एकही सही नाही.
माझ्या दुकानातल्या मशीनवर तीच किल्ली आहे,
चालू करू?"

बँड वाजत होता. एका कानात बोट घालून उभी राहिले.
मशीन मेलंय, की फक्त दिसेनासं झालंय?
मेलं असेल तर कर चालू.
जिवंत असेल, आणि दोघांनी सही केली
एकाच नावानं, दोन जागी,
तर साखळी विचारत नाही चूक होती की लबाडी.
गहाणातलं कापते आणि बाहेर काढते.
घराला कुलूप. आप्पा माझ्यासोबत,
मांडवाच्या खांबाला टेकून जागे.

त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं.
चिंचपाड्याला एकेरी लाइन होती तेव्हा
ते असिस्टंट मास्तर. लाल यंत्रातून
लोखंडी गोळा निघाला तरच पुढची गाडी सोडायची.
एका रात्री गोळा निघेना, नवापूरचा फोन लागेना.
मालगाडीचा ड्रायव्हर फलाटावर उतरून
आईवरून शिव्या देत होता.
आप्पांनी गाडी सोडली नाही.
मग, समोरून काय आलं?
"काहीच नही. पहाटलोंग काहीच नही.
मेमो वना माले."
आणि थोड्या वेळानं :
"टोकन एकच ऱ्हास.
दुसरं मागनारा ड्रायव्हर ऱ्हास."

रईसला म्हटलं, थांब.
तो म्हणाला, पैसे जाताहेत.
म्हटलं, जाऊ दे.
मॅडमना फोन करायचं धाडस झालं नाही.

सकाळी कुलूप काढलं. मशीन चालूच होतं,
रात्रभर, अंधारात, आपल्या आपण गरम.
राउटर तेवढा मेला होता.
खारीनं वायर कुरतडलेली.
पन्नासेक साक्षी हुकल्या,
अर्धा किलो मिरचीचे पैसे गेले.

आप्पांना सांगितलं : चालू होतं हो ते.
"मंग?" म्हणाले, आणि पेपर उघडला.

आता दुपारी वर येऊन बसतात.
पडद्यावर हिरवी ओळ आली की मला विचारतात,
"निंघनी का?"
मी म्हणते, निघाली.
घड्याळ पाहतात. शिंकतात.