पुडी

रविवार पेठेत, अडत दुकानाच्या माडीवर
आमचे तीन पंखे दिवसभर बंद असतात.
लावले तर तिखट उडतं,
न लावले तर माणसं उकडतात.
गंगव्वा नाकावर पदर बांधून वजन करते :
दोनशे ग्रॅम, आणि वर एक चिमूट.
ती चिमूट कुठल्याच रकान्यात बसत नाही.
मी रागावते. ती घालते.

पोतं येतं संकेश्वरहून, पंचवीस किलोचं,
मगदुमांच्या गिरणीतून, तोंड शिवून.
शिवणीत एक कार्ड असतं :
लॉट सत्तावीस, दळल्याची तारीख,
संकेश्वरी इतकी, ब्याडगी इतकी,
जाळ एकीचा, रंग दुसरीचा.
मी सुतळी ओढायची, कार्ड डब्यात टाकायची.
डब्यात पडलं की ते संपलं, असं धरून चालले होते
अकरा वर्षं.

मार्चात होसमनी मॅडम जिना चढून आल्या,
शिंकत, शिंकताना हसत.
एक पाकीट उचललं, पाठ बघितली.
'निर्माते, अष्टेकर फूड्स. तुम्ही दळता काय?'
नाही. भरतो.
'मग भरणारे लिहा की.
ज्यानं दळलं त्याचं नाव वर, गावासकट.
आणि ही तारीख कुठली?'
भरल्याची, म्हटलं. पाकीट ताजं आहे.
'पाकीट ताजं असंल बाई.
तिखट पाकिटात घातलं म्हणून
पुन्हा जन्माला येत नाही.
त्याचं वय गिरणीपासनं मोजायचं.'

गंगव्वाचा तराजू तेवढा हलत राहिला.
मला आठवलं ताट, ताटातले तांदूळ,
अंगठीनं कोरलेलं नवं नाव,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात.
वय मात्र माहेरचंच चालू राहिलं होतं.

खडेबाजारात मुचंडींच्या छापखान्यात
दोन तास लेबलावर जागा शोधली.
वजनाचा आकडा अमुक मिलिमीटर उंच,
परवान्याचे चौदा आकडे, हिरवा ठिपका,
इंग्रजी हवी, नाहीतर हिंदी,
बाकीच्या भाषा उरल्या जागेत, हौस असली तर.
'मिर्च' चालते. तिला एक वेलांटी देऊन
'मिरची' केली, की ती जादा.
सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर इलाखा मुंबई,
मरणाच्या दाखल्यावर कर्नाटक,
आणि घर तेच, कोनवाळ गल्लीतलं.
त्यांनी कधी जागा नाही म्हणून तक्रार केली नाही,
ओरडून केली, पण जागेसाठी नाही.

शेवटी कोपऱ्यात कन्नड घातलं : खारद पुडी.
मुचंडी म्हणाले, मराठी राहिली की.
गंगव्वा तिथंच होती, रोल न्यायला आलेली.
तिच्या घरी पुडी म्हणजे पूड.
माझ्या घरी पुडी म्हणजे
ती पूड बांधलेला कागद.
एका शब्दात आतलं आणि बाहेरचं.
मी म्हटलं, राहू दे तेवढंच, चालतंय.
मुचंडींना ते पटलं नाही.
मलाही रात्री पुरतं पटलं नाही,
सकाळी फोन करून 'तिखट' घालायला लावलं,
बारीक, ठिपक्याच्या बाजूला.

जुनी लेबलं उरली, साडेतीन हजार.
चिकटवून वर चिकटवता येत नाही,
खालचं झाकणं हाच गुन्हा, मॅडम म्हणाल्या.
गंगव्वाची रेणुका त्यांच्या पाठीवर
तेराचा पाढा लिहिते, तेरा साते चुकते,
खोडते, पुन्हा चुकते.

कार्डं आता मी फाईलला लावते.
मगदुमांचं अक्षर ओळखू यायला लागलंय.
घाईत असले की साताला शेपूट राहत नाही.
लॉट एकोणचाळीसवर मिरचीचं एक बी चिकटून आलं होतं.
काढलं नाही.