एकोणीस तारीख

एकोणीस तारखेलाच संपलं सगळं.
एकतीस दिवसांचा महिना, आणि घरातलं इंटरनेट
मुंगीच्या पावलांनी चालू लागलं.
टिलीच्या बाई सातशे किलोमीटरवरून
तिला शाब्बास म्हणत होत्या;
'शा' वर उपग्रहापाशीच राहिला,
आमच्या स्वयंपाकघरात पोचलं ते नुसतं 'बास'.
मग बाई गोठल्या. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.
टिली पेन्सिल धरून तशीच बसून राहिली,
बास म्हणजे नेमकं काय बास, ते न कळून.

कोणी संपवला?
हेमिश म्हणाला, मी नाही, आईशप्पथ,
आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवायला आला.
ड्रू म्हणाला, मी तर फक्त लिलावातले बैल बघतो,
तेही फोटोत, उभे असलेले.
मी? मी बहिणीशी बोलते ती व्हिडिओ बंद करून.
तिचं बाळ मोठं होताना
मी फक्त कानांनी पाहिलंय.

कंपनीच्या बाईने चाळीस मिनिटं बासरी ऐकवली, मग म्हणाली,
वापर तुमच्याच घरातून झालाय, मॅडम.
अकरा जीबी. चार दुपारी.
घरात आणखी कोण असतं?
म्हटलं, सासरे, पण त्यांना कुठलं
आणि तिथेच थांबले.

क्लेम. वय एक्याऐंशी.
पत्र्याच्या टाकीवर बोटाच्या पेराने ठोकत
वरून खाली येतात,
पोकळ आवाज जिथे भरीव होतो
तिथे खडूने रेघ मारतात.
"तीन आठवडे. चादरी या सोमवारी नकोत."
कधी चुकले नाहीत.
पण या टाकीला पत्रा नाही, खडू लागत नाही;
एक निळं वर्तुळ आहे माझ्या फोनमध्ये,
ते कुरतडलं जाताना बघणारी घरात मी एकटी.

व्हरांड्यात त्यांची हॅट खुर्चीवर होती,
हॅटखाली टॅबलेट, तव्यासारखा तापलेला.
त्यात एक पूल. चारशे किलोमीटर उत्तरेला
कुणी कॅमेरा लावलाय नदीवर, चोवीस तास.
"वर पाऊस झालाय म्हणतात," ते म्हणाले,
"खाली आपल्यापर्यंत यायला दिवस लागतात.
निघालंय का, तेवढं बघत होतो."

अकरा जीबी वाळू.
एक एमू, दोनदा.

ड्रू हसला. मला नाही आलं हसू;
जादा दहा जीबीचे पैसे भरून आले होते मी
आणि बशा जरा जोरातच ठेवल्या.
क्लेम काही बोलले नाहीत.
संध्याकाळी त्यांनी चहा अर्धाच कप घेतला,
जणू तेवढ्याने भरून निघेल.

रात्री एक ते सात माप वेगळं, सढळ.
म्हणून गजर लावून उठते मी,
मध्यरात्री नळ सुटणाऱ्या गावातल्या बाईसारखी,
टिलीचे आठवड्याचे धडे भरून ठेवायला.
काल उठले तर टेबलाशी क्लेम, अंधारात,
टॅबलेट बंद, दोन्ही हात त्याच्या बाजूला.
"आता स्वस्त असतं ना?"
असतं, म्हटलं, आणि लावून दिला पूल.

काळं. नुसतं काळं.
एक पिवळा दिवा कठड्यावर, त्याला लागलेली पाखरं,
खाली वाळू की पाणी, कळायला मार्ग नाही.
परवडतं तेव्हा दिसत नाही,
दिसतं तेव्हा
असो. धडे उतरत होते. आम्ही बघत बसलो.

मग त्यांनी टॅबलेट उचलला,
कान जवळ नेला,
आणि पाठीवर बोटाच्या पेराने ठोकलं.
काय म्हणतंय? मी विचारलं.
"थांब," म्हणाले,
आणि जरा खाली ठोकलं.