झडती

निपाणीत, जुन्या बाजाराच्या मागं,
अबकारीची वखार आता कलाभवन झालीय.
दगडांच्या सांध्यांत नवा चुना,
कौलं खानापूरची,
आणि ज्या कडीला तराजू टांगायचे
ती घासूनपुसून लखलखीत.
पाटीवर कन्नड वर, मराठी खाली, बारीक;
त्यावरून दोन महिने पेपरात भांडण चाललं होतं.
आत्तीला दोन्ही सारख्याच.
"एक गोल गोल, एक दोरीवर वाळत घातल्याली,"
ती म्हणाली, आणि पदर सावरला.

मीच म्हटलं होतं, चला, गाणं आहे, फुकट आहे.
माझं माहेर शहापूरचं, मागाच्या खटखटीतलं.
लग्नाला चौदा वर्षं झाली
तरी तंबाखूबद्दल मला ठाऊक होतं ते इतकंच:
आत्तीचं जुनं लुगडं कितीदाही धुवा,
बादलीतलं पाणी पिवळं होतं.

दारात पहारेकरी. पोरगाच.
खिशावर नाव, ईरण्णा.
टेबलावर वही, पेन सुतळीनं बांधलेलं.
त्यानं नुसता हात आडवा केला:
"अम्मा, हेसरू बरीरी."
नाव लिहा, बास, एवढंच.

आत्ती थांबली.
चपला काढून बाजूला सारल्या.
कमरेचा पदर सोडला, झटकला.
ओटी उलटी केली.
अंबाड्यातून बोटं फिरवली,
जीभ बाहेर काढून दाखवली,
मग दोन्ही हात वर,
डोळे समोरच्या भिंतीवर.
"द्रौपदा खोत. बिल्ला एकशे सोळा."

मागं रांग अडली.
कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं.
मी तिचा दंड धरला.
तो खाली येईना.

ईरण्णा उठून उभा राहिला.
काय करावं सुचेना म्हणून त्यानं टोपी काढली.
मग मान खाली घालून, हळू,
"होगरी, अम्मा. एनू इल्ला."
जा. काही नाही.
तेव्हा कुठं हात खाली आले.
त्याचीही आज्जी असल्याच कुठल्या वखारीत होती का,
हे मी विचारलं नाही.

आत काचेमागं वजनं, लाखेचा शिक्का, एक चाळणी.
"ही आमची न्हवं," आत्ती म्हणाली.
"आमच्या चाळणीची भोकं बारीक."
भिंतीवर फोटो: खुर्च्यांवर नऊ साहेब,
खाली नऊ नावं.
त्यांच्या मागं, दारातल्या अंधारात,
हललेली, पुसट झालेली लुगडी.
आत्तीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
आणि पुढं गेली.

गाणारीण धारवाडकडची.
तानपुरे लागले, सगळे गप्प,
तिनं षड्ज लावला, लांबवला,
आणि शिंकली.
पुन्हा लावला. पुन्हा शिंकली.
त्या शांततेत आत्ती, सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"चुना फासला म्हणून जातंय व्हय ते?"
पहिल्यांदा हसली ती गाणारीणच.
पाणी प्याली, डोळे पुसले,
मग जे गायली
ते नाकात तिखट घेऊनच गायली.

आत्तीचा अंगठा बोटांवरून सरकत होता,
सारखा, एका लयीत.
मला वाटलं ताल धरलाय.
नीट बघितलं.
पानाची शीर काढत होती.

परतताना दारात खुर्ची रिकामी,
पेन सुतळीला लोंबकळत.
तरी ती थांबलीच, क्षणभर,
जा म्हणायला कुणी आहे का बघत.

स्कूटरवर, चिकोडी नाक्याच्या चढाला,
माझ्या पाठीशी तोंड आणून म्हणाली,
"एकदा न्हेली होती."
"काय?"
"मूठभर. तुझ्या मामंजींच्या दाढंला."
"आणि झडतीत?"
"गावली न्हाई."

कुठं लपवली होती, ते विचारलं.
ती हसूलाली,
सांगितलं नाही.