पंख्यावरची नावं

मिरजेच्या आमच्या देवळात पंखे अकरा.
प्रत्येकाच्या पात्यावर लाल ऑइलपेंटनं एकेक नाव:
कै. एस्तेरबाई आवळे यांच्या स्मरणार्थ,
कै. शमुवेल भोरे, हेडकंपाउंडर.
बारावा वेदीवरचा. त्यावरून भांडण झालं.

आवळ्यांना तिथं आजोबा हवे होते,
भोऱ्यांना मावशी.
पंच कमिटी चार वेळा बसली,
चहा सव्वीस कप, ठराव शून्य.
पाच महिने भोरे मंडळी उपासनेला फिरकली नाहीत,
स्टेशनमागं कुणाच्या तरी गच्चीवर
पत्र्याखाली गाणी म्हणायची.
मी जायचो संध्याकाळी, सायकलवरून.
एकदा खुर्ची दिली. एकदा नाही दिली.
त्या दिवशी उभ्यानंच प्रार्थना केली
आणि परत येताना, खरं सांगतो,
पंख्याला शिव्या घातल्या.

पाळकाच्या रागाचं कुणी विचारत नाही.
लोकांना वाटतं, पांढऱ्या झग्याबरोबर
तोही परटाकडं जात असेल.

मग सुवार्ता आजारी पडली.
दवाखाना समोरच, रस्ता ओलांडला की.
तीस वर्षं तोच रस्ता ओलांडत होतो मी
जमखंडीच्या, अथणीच्या, विजापूरच्या खाटांकडं,
तोडक्या कानडीत 'देवरु इद्दाने' म्हणत.
आता खाट माझी. म्हणजे तिची.
बत्तीस नंबर, खिडकीशेजारी.
कपाळावर हात ठेवून तोंड उघडलं
तर वचनं आली पाढ्यांसारखी,
बेरीज काही होईना.

ती म्हणाली, 'राहू द्या. दमलाय तुम्ही.
शांतवनला बोलवा.'

शांतवन म्हणजे घंटा वाजवणारा,
बाक पुसणारा, तिसरीतून शाळा सुटलेला.
वॉर्डाच्या दाराशी चपला काढून आत आला.
'बापा,' म्हणाला, 'बाईंचं दुखतंय.
तुला दिसतंय न्हवं?'
आणि नुसता उभा राहिला.
आमेनसुद्धा विसरला.
सेमिनरीत चार वर्षं घालवली मी.
एवढं लहान वाक्य तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

पुरायच्या दिवशी देऊळ भरलं.
भोरे आले. मागं बसले, दाराजवळ,
लगेच निघता येईल असे.
तासगावचे पाळक वाचत होते, मी पहिल्या बाकावर,
आयुष्यात पहिल्यांदाच
हातात पुस्तक नसलेला.

वीज गेली.
पंखा एकदम थांबत नाही.
पाती आधी वेगळी होतात, मग रंग,
मग अक्षरं एकमेकांना शोधत येतात.
एस्तेरबाई. शमुवेल.
दोन महिन्यांचा डेव्हिड लोंढे,
ज्याची पेटी मी एका हातात धरली होती.
अकरा नावं. त्यांतली आठ मीच मातीत ठेवलेली,
आणि इतकी वर्षं त्यांच्याच वाऱ्याखाली
घाम न येता बोलत आलेलो.

मे महिना. श्वास कोंडायला लागला.
भोऱ्यांची थोरली सून उठली, पुढं आली,
आणि आवळे आजींना पदरानं वारा घालू लागली.
समेट म्हणावा असं काही नाही.
उकडत होतं.
वीज आली. नावं परत गेली.

बारावा पंखा अजून खोक्यातच आहे.
कुणीतरी सुचवलं, बाईंचं नाव घालू.
मी नको म्हणालो, तर बुधवारी पुन्हा मीटिंग.
वेदीवर नुसता हूक. त्याखाली उभा राहून
मी घाम पुसत बोलतो. रुमाल तिनं टाचलेला.
प्रार्थना लांबतेच अजून, सवय जात नाही.

पण रात्री देऊळ बंद केलं की पायरीवर थांबतो.
समोर बत्तीस नंबरच्या खिडकीत
कुणाचा तरी दिवा असतो.
कुणाचा, ते सकाळी कळेल.
तिकडं बघून म्हणतो,
'बापा, दुखतंय तिथं. दिसतंय न्हवं?'

आमेन म्हणत नाही.
बोलणं अजून चालू आहे.