कोपर

पहिला कॅमेरा मिळाला तेव्हा मी अकरा वर्षांची.
गॅलिट्झिनच्या पुलावर, जाळीच्या भोकाला भिंग लावून
वडिलांच्या गाडीची वाट बघत बसायचे.
बोगद्यातून आधी वारा यायचा, जळक्या डिझेलचा,
मग उजेड, मग पायाखालची फळी थरथरायची,
आणि मग ते काळं धूड
एकशे दहा डबे कोळसा ओढत.

नंबर स्पष्ट आला पाहिजे, एवढीच अक्कल होती तेव्हा.
नंबर स्पष्ट आलाय. सहा हजार चारशे बारा.
पत्र्यावरचे रिव्हेट मोजून घ्यावेत इतका.
खिडकीत मात्र काळोख,
आणि काळोखातून बाहेर टेकवलेलं एक कोपर.

लॅडिस हुडॉक, इंजिनड्रायव्हर, नोकरी एकतीस वर्षं,
माझ्या सत्तेचाळीस फोटोंत: कोपर.
कधी निळी बाही, कधी वर दुमडलेली.
एका ऑक्टोबरात कोपराला पट्टी.
कशाने लागलं, विचारलं असेन मी.
उत्तर आठवत नाही.

आता मी गाडीकडे पाठ करून उभी राहते.
पुलावरचे हौशी लोक वैतागतात.
"अहो बाई, गाडी तिकडे!"
असू दे.
मला क्लेटन यूट्झी हवा असतो, घडीच्या खुर्चीत,
मांडीवर रेडिओ, ओठांवर पिठीसाखर,
गाडी दोन मैलांवर असतानाच उठून उभा राहणारा,
कुणी वडीलधारं येत असल्यासारखा.
मला त्याची बायको ओपल हवी असते,
जी गाडीतच बसून लोकर विणते,
सव्वीस वर्षांत एकदाही मान वर केली नाही म्हणते
(केली आहे. माझ्याकडे फोटो आहे).

खाली रुळावर रेनी कुबाला वेल्डिंग करते.
मुखवटा वर सरकवला की तिच्या कपाळावर
घामाची एक सरळ रेघ.
म्हणाली, थांब, केस नीट करते.
केस नीट करता करता हसली,
तेवढंच मी घेतलं.
सिग्नलवाला थॅडियस दर वेळी तोंड फिरवतो.
त्याची पाठ माझ्याकडे बारा वेळा आहे.
बाराही पाठी वेगळ्या आहेत, खोटं नाही सांगत.

फोटो काढतात. काटाही काढतात.
कर्ज काढतात, आठवण काढतात,
कुणाची तरी रात्र जागून काढतात.
मी यातलं नेमकं काय काढते
ते अजून नीटसं कळलेलं नाही.

गेल्या गुरुवारी एमरी शँकला विचारलं,
यार्डात, तो डबा हातात घेऊन इंजिनाकडे निघालेला.
नको म्हणाला. "माझी पोरगी असते पुलावर.
तिच्याकडे बघ."

गेले. होती. नऊएक वर्षांची,
लाल टोपी, एका पायातली नाडी सुटलेली.
कॅमेरा नाही, फोनसुद्धा नाही.
मी माझा जुना पुढे केला,
म्हटलं, घे, बाबा येतील आता,
खिडकीवर धर, नंबरावर नको.
शहाणपण सांगायची एवढी घाई झाली होती मला.

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मग हात कशाने हलवू?"

वारा आला. उजेड आला.
फळी थरथरली.
तिने दोन्ही हात वर केले, जाळीपेक्षा उंच,
आणि खाली, खिडकीतून,
एक कोपर सरळ होत गेलं,
अख्खा हात झालं, पंजा झालं, पाच बोटं झाली,
आणि बोगद्याच्या तोंडापर्यंत हलत राहिलं.

माझ्याकडे त्याचा फोटो नाही.
घरी येऊन सत्तेचाळीसही टेबलावर मांडले.
मग चहा केला. तो निवला.
एकाही फोटोत वडिलांचा हात वर नाही,
आणि का असावा?
पुलावर, जाळीमागे, त्यांना जे दिसत होतं
त्याला चेहरा नव्हता. एक काचेचा डोळा,
आणि तो धरून ठेवणारी
दोन टोकदार कोपरं.