निरंक

अमावास्या. सांगलीचं मार्केट यार्ड बंद.
तोलकाट्यावर कुत्रं झोपलंय, काट्याला त्याचं काही नाही.
मगदूमांच्या पेढीवरचा पडदा मात्र, मीच बसवून दिलेला,
सकाळपासून एकटाच बोलतोय:

राजापुरी हळद. आवक शून्य.
कमाल दर उणे इन्फिनिटी.
किमान दर इन्फिनिटी.
सरासरी नॅन.

शिवगोंडा मगदूमांचा फोन:
"ताई, हळद चढली म्हणायची का पडली?"

आता काय सांगू.
कमाल शोधणारा सगळ्यात खालून निघतो,
इतक्या खालून, की पहिलं येईल ते पोतं
त्याच्याहून वरचंच असावं.
पोतं आलंच नाही. तो तिथंच उभा.
किमानवाला तसाच वर, आढ्याला डोकं टेकून.
खोटं कुणीच बोलत नाही.
दोघं वाट बघतायत.

आवटी बाई असत्या तर डस्टर आपटला असता.
शून्यानं भागायचं नाही.
का नाही?
नाही म्हणजे नाही.
सातवी ब, मिरज. मी वहीच्या मागच्या पानावर
पाच भागिले शून्य मांडून उत्तराची जागा मोकळी ठेवली होती.
बाईंनी त्या मोकळ्या जागेला लाल गोल केला.

जावास्क्रिप्ट डस्टर आपटत नाही.
भाग म्हटलं की भागते.
आज झाडलोटीचे पाचशे, पोती शून्य,
पोत्यामागं खर्च इन्फिनिटी. तिला घाम नाही.
तिच्याकडं शून्यंसुद्धा दोन, एक साधं, एक उणं.
शेजारी उभी केली तर म्हणते, एकच की.
पण भाजकाच्या जागी घाला,
एक आभाळात नेतं, एक पाताळात.
जुळ्या हमालांतला डावखुरा कोण
हे पोतं पाठीवर आल्यावरच कळावं, तसं.

मगदूम म्हणाले, म्हणजे पेव फुटलं म्हणा की.
त्यांच्या आजोबांची पेवं हरिपुरात.
माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली अंधार,
अंधारात हळद, वर्षानुवर्षं, कीड न लागता.
झाकण काढल्यावर लगेच कुणी उतरत नसे.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर थांबायचं.

एवढ्यात दस्तगीर आला, चप्पल हातात घेऊन.
त्याच्या मोबाइलवर त्याचा महिना: नॅन.
आज शून्य पोती, हजर हमाल शून्य, वाटणी नॅन,
आणि नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच.
एका अमावास्येनं सगळा महिना गिळला.
"सत्तावीस दिस वझी वाहिली ताई,
ती बी न्हाईत म्हणतोय ह्यो?"

मी नॅनला नॅनशी ताडून बघितलं होतं शिकताना.
बरोबर आहेत का? नाहीत, म्हणाली.
तेव्हा हसले होते.
दस्तगीरसमोर हसू आलं नाही.

पेढीच्या गादीवर मांडी घालून
एकच ओळ लिहिली:
भागण्याआधी बघ, खाली शून्य आहे का.
असेल तर थांब.
तिथं आकडा नको, निरंक लिही.
आणि बेरजेत ते धरू नकोस.

"निरंक म्हणजे शून्यच ना?" मगदूम.
नाही. शून्य मोजून येतं.
हे मोजलंच नाही.
"मग सरकारी कागदावर…"
तिथं चुकतंच काका, नेहमी.

दस्तगीरचा महिना परत आला, नऊ हजार चारशे साठ.
त्यानं तो दोनदा वाचला. मग चप्पल घातली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला
पहिलं पोतं. चौदा हजार दोनशे.
कमाल चौदा हजार दोनशे,
किमान चौदा हजार दोनशे,
सरासरी तेवढीच.
खालचा वर आला, वरचा खाली उतरला,
तिघं एकाच पोत्यावर टेकले.

नऊ सतराला दुसरं पोतं आलं.