शुद्धिपत्र

बढतीच्या फॉर्ममध्ये अकरावा रकाना :
आजवरचे शोधनिबंध, आणि प्रत्येकापुढे
त्याचे दाखले किती जणांनी दिले.
तिवारीबाबू म्हणाला, मॅडम, सोमवारपर्यंत.
डिसेंबर आहे. दौलतगंजात धुकं इतकं
की समोरच्या गजकवाल्याचा नुसता हातोडा ऐकू येतोय.

निबंध सव्वीस.
त्यातले नऊ कुणीच वाचले नसावेत.
एक आईने वाचला, चष्मा लावून,
आणि म्हणाली, नाव छान छापलंय तुझं.
बाकीच्यांना चार, सहा, अकरा,
उन्हाळ्यातल्या नळासारखे, थांबून थांबून.
आणि एकाला तीनशे एकेचाळीस.

तो तान्ह्यांच्या पावलांचा.
वजनकाटा नसलेल्या गावात
टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून सांगायचं,
हे मूल अशक्त आहे, ह्याला शहरात न्या.
एक हजार चौदा पावलं. मोजली कुसुम बाथमने,
रात्रपाळीत, स्टीलच्या पट्टीने,
बाळ रडायच्या आत.
पट्टीचं शून्य झिजून गेलेलं,
म्हणून ती एकपासून मोजायची
आणि एक वजा करून लिहायची.
कधी चुकली नाही.

चुकले मी.
तक्त्यात सात पॉइंट सहा. बरोबर.
गोषवाऱ्यात सहा पॉइंट सात.
रात्री दीडला टाइप केलेलं,
शेजारी बसलेल्या दोन आकड्यांनी जागा बदलली.
संपादकांनी पाहिलं नाही, दोन परीक्षकांनी पाहिलं नाही,
सहलेखक शितोळे सरांनी तर निबंधच पाहिला नव्हता.
कुसुमने पाहिलं, छापून आल्यावर.
इंग्रजी तिला बेताचंच, आकडे मात्र घरचे :
“मॅडम, ये तो अपना नंबर नहीं है.”

पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं,
पान अठ्ठ्याऐंशी, तळाशी, वर्गणीच्या दरांखाली.
अशुद्ध : सहा पॉइंट सात. शुद्ध : सात पॉइंट सहा.
माझ्या हातून लिहिली गेलेली सगळ्यात नेमकी ओळ.
तिला आजवर दाखले दोन.
दोन्ही माझेच.

ग्वाल्हेरहून निघालेला तो उलटा आकडा
मात्र चालत राहिला, नागपूर, ढाका, अदिस अबाबा,
एकाने दुसऱ्याचं पाहून, दुसऱ्याने तिसऱ्याचं.
तक्त्यापर्यंत कोण उतरतं?
कुठेतरी एक मूल असेल, सात पॉइंट एकचं,
त्याच्या पावलाला कुणी पट्टी लावली असेल
आणि म्हटलं असेल, ठीक आहे, घरी न्या.
असेल, म्हणते. माहीत नाही मला.
हे शोधायला जो अभ्यास करावा लागेल
त्याला पैसे कोण देणार, आणि मी तरी –
हे वाक्य बरीच वर्षं मी पुरं केलेलं नाही.

दाखला हा शब्दच बघा.
जन्माचाही तोच, मृत्यूचाही तोच,
दोन्ही रांगा एकाच खिडकीशी,
आणि आत एकच बाबू, एकच शिक्का.

परवा पाटणकर बाजारात कुसुम दिसली.
रिटायर झाली, गुडघे गेले.
नातवाला बूट घेत होती.
दुकानदाराने पाय मोजायची लाकडी पट्टी काढली,
ती तिने त्याच्या हातातून घेतली,
आधी शून्य पाहिलं,
मग मुलाचं पाऊल ठेवलं.
मी चपलांच्या आडून बघत राहिले.
निबंधाच्या शेवटी, आभारात, तिचं नाव
बाथन असं छापलंय. तिला कळलंय का,
हे तेव्हाही विचारलं नाही.
त्याचं तर शुद्धिपत्रही नाही.

अकरावा रकाना. तीनशे एकेचाळीस लिहिते.
खोडते. पुन्हा लिहिते, आकडा खराच आहे.
खाली विचारलंय, आपला सर्वोत्तम निबंध कोणता,
आणि जागा ठेवलीय एका ओळीची.
एका ओळीचंच आहे माझ्याकडे :
पान अठ्ठ्याऐंशी, तळाशी.

परत पाठवणार तिवारीबाबू.